कपाटावरचं वेळापत्रक

सांगलीकडच्या एका तंत्रनिकेतनात २०१८ साली मी पाहुणा वक्ता म्हणून गेलो होतो. पुण्यात वाहनांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. त्या वर्षी आमच्याकडे एक नवी व्यवस्था उभी राहिली होती आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी तास तास बोलत असे. सर्व्हर रूममध्ये मोजकी यंत्रं, त्यांत ग्राफिक्स कार्डं, आणि एकेका कार्डाचे वाटे पाडून तीस डिझायनरांना दिलेले. प्रत्येकाच्या टेबलावर साधा मॉनिटर आणि वहीएवढा डबा, पण पडद्यावर गिअरबॉक्सचं अख्खं मॉडेल न अडखळता फिरायचं. त्या दिवशीही मी हेच सांगितलं.

भाषण संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या घरी एक मशीन आहे, त्यात कार्ड आहे. त्याचे असे दोन भाग करता येतील का? एक मला, एक बहिणीला."

मी उत्तर दिलं, "ही सोय कंपन्यांसाठी असते. तिला वेगळं हार्डवेअर लागतं. आणि घरी तुला तिची गरजही नाही."

"बरं सर," म्हणून तो बसला.

माझ्या उत्तरात तीन वाक्यं होती. पहिलं खरं होतं. दुसरं अर्धं खोटं होतं, आणि तिसरं बोलायचा मला अधिकार नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही. उलट, समजूतदार उत्तर दिलं असं वाटून मी परतीच्या एसटीत बसलो.

हा सगळा प्रकार काय आहे ते थोडं सांगायला हवं. एका यंत्रात अनेक यंत्रं असल्याचा भास निर्माण करणं हे काम जुनं आहे. आयबीएमने १९७२ साली आणलेल्या व्हीएम/३७० मध्येही एकाच मेनफ्रेमवर बसलेल्या प्रत्येकाला आपलं स्वतंत्र यंत्र असल्यासारखं वाटत असे. प्रोसेसरचा वेळ वाटता येतो, मेमरी वाटता येते, डिस्क वाटता येते. ग्राफिक्स कार्ड मात्र हट्टी. ते घडवलं गेलं एका मालकासाठी. व्हर्च्युअल मशीनला ते द्यायचं तर सोपा मार्ग म्हणजे अख्खं कार्ड उचलून एकाच मशीनच्या हवाली करायचं. याला पासथ्रू म्हणतात. ज्याला कार्ड मिळालं त्याचं भागलं, बाकीचे कोरडे.

वाटे पाडायचे तर दोन गोष्टी कराव्या लागतात. कार्डावरच्या मेमरीचे ठरावीक तुकडे करायचे, आठ जीबीचं कार्ड असेल तर दोन-दोन जीबीचे चार. आणि गणन करणाऱ्या भागाची पाळी लावायची, काही मिलिसेकंद याची, काही मिलिसेकंद त्याची. पाळी इतक्या झपाट्याने बदलते की कुणालाच थांबल्यासारखं वाटत नाही. पुढे एसआर-आयओव्ही नावाचं मानक आलं, २००७ साली. त्यात कार्ड स्वतःच आपली अनेक रूपं दाखवतं आणि प्रत्येक रूप वेगळ्या मशीनला जोडता येतं. एनव्हीडियाने २०१२-१३ च्या सुमारास ग्रिड या नावाने कार्डं वाटून देण्याचा व्यवसाय सुरू केला. एएमडीने २०१६ मध्ये एसआर-आयओव्ही असलेली आपली कार्डं आणली. ही सगळी विक्री कंपन्यांना. एनव्हीडियाच्या पद्धतीत कार्डाचे पैसे वेगळे आणि एका वेळी काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे लायसन्सचे वेगळे. मशीनला लायसन्स मिळालं नाही तर वीस मिनिटांनी चित्र सेकंदाला पंधरा फ्रेमवर येतं आणि चोवीस तास उलटले की तीनवर.

या सगळ्याची बाजू मी वर्षानुवर्षं मनापासून मांडली. ती मांडताना माझ्याकडे कारणं होती आणि आजही ती मी फेकून देत नाही. एका माणसाचं मशीन दुसऱ्याच्या मेमरीत डोकावणार नाही याची हमी कुणीतरी द्यावी लागते. आमच्या डिझायनरांच्या पडद्यावर गिऱ्हाइकांची गुपितं असतात, तिथे 'बहुतेक चालेल' हे चालत नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर ज्या ड्रायव्हरवर तपासून पास केलेलं असतं तोच ड्रायव्हर लागतो. सर्व्हरमधलं कार्ड चोवीस तास तापलेलं असतं. रात्री दोनला काही बिघडलं तर फोन उचलणारं माणूस लागतं. या सगळ्याला पैसे पडतात आणि ते देण्यात मला कधी गैर वाटलं नाही.

माझी चूक पुढच्या पायरीवर झाली. ही हमी ज्याला नको, त्याला ही सोयही नको, असं मी धरून चाललो. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून विकल्या जात होत्या, म्हणून त्या एकच आहेत अशी माझी समजूत झाली होती.

मग २०२० आलं. मार्चअखेर ऑफिस घरी आलं आणि जूनमध्ये शाळा-कॉलेजंही घरी आली. थोरली आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा नववीत. घरात एकच डेस्कटॉप, पण चांगला. तीन वर्षांपूर्वी मी तो हौसेने जुळवून घेतला होता. आठ कोअरचा प्रोसेसर, बत्तीस जीबी मेमरी आणि आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. थोरलीला इमारतीचं मॉडेल आणि त्याचे रेंडर करायचे असत. धाकट्याने त्या रिकाम्या दिवसांत ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि त्याला त्याचं वेडच लागलं. आधी एक खुर्ची केली, मग आमच्या वाड्यातला जुना जिना, मग पाण्याने भरलेली विहीर. पाण्यावर ऊन कसं पडतं हे बघण्यासाठी तो दिवसदिवस खपायचा. शाळेचे तास मोबाइलवर कसेबसे होत. ब्लेंडर मोबाइलवर होत नाही.

मला वाटलं, हे तर आपलं रोजचं काम. एका शनिवारी संध्याकाळी बसून डेस्कटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभी केली. प्रोसेसरचे चार-चार कोअर वाटले, मेमरी वाटली, डिस्क वाटली. जेवणाआधी झालं. मग कार्डाकडे वळलो आणि तिथे काम थांबलं. अख्खं कार्ड कुणा एकाला देता येत होतं, तेही बरीच खटपट करून. दोघांना नाही. दुसरं कार्ड घ्यावं म्हणून चौकशी केली, पण त्या हिवाळ्यात कार्डं बाजारातून गायब झाली होती आणि जी मिळत त्यांचे भाव छापील किमतीच्या कितीतरी वर होते. क्रिप्टो नाण्यांचं खोदकाम करणाऱ्यांनी आणि तुटवड्याने मिळून घरगुती माणसाची वाट बंद केली होती.

शेवटी मी एका कागदावर वेळापत्रक लिहिलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. सकाळी नऊ ते दुपारी चार थोरली, चार ते सात धाकटा, रात्री जेवणानंतर पुन्हा थोरली. परीक्षेच्या आठवड्यात पूर्ण वेळ थोरली.

त्या आठवड्यांत मी एक गोष्ट रोज बघत होतो. थोरली मॉडेल करत असताना कार्ड किती काम करतंय ते दाखवणारा आलेख मी उघडा ठेवत असे. बहुतेक वेळ तो वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जात नव्हता. ती विचार करत असायची, रेघ ओढायची, पुसायची, प्राध्यापकांशी बोलायची. रेंडर लावला की आलेख शंभराला टेकायचा, तोही दिवसातून दोनदा-तीनदा. मधल्या वेळेत कार्डाचा तीन चतुर्थांश भाग रिकामा पडून असे आणि शेजारच्या खोलीत एक चौदा वर्षांचा मुलगा घड्याळाकडे बघत चार वाजायची वाट पाहत असे. ऑफिसात माझी यंत्रणा ही पाळी मिलिसेकंदांत लावते. घरी ती मी कागदावर तासांत लावली होती.

एके दिवशी पहाटे पाचला मला हॉलमध्ये उजेड दिसला. धाकटा स्वेटर घालून डेस्कटॉपसमोर बसला होता. मी रागावलो असेन असं वाटून तो आधीच म्हणाला, "बाबा, ताईची वेळ नऊपासून आहे ना."

मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. विहिरीच्या पाण्यात आता आकाश दिसत होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुम्ही ऑफिसात एक कार्ड किती जणांना देता?"

मी म्हटलं, "आठ जणांना. कधी जास्त."

"मग घरी दोघांना का नाही?"

घरी गरज नसते, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर आलं नाही. गरज माझ्यासमोर स्वेटर घालून बसली होती.

त्याच आठवड्यात मी, एरवी ज्याला मी कधी हात लावला नसता, असं एक काम केलं. दोन माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक २०१६ च्या मे महिन्यात आलेल्या जीफोर्स जीटीएक्स १०८० चं, गेम खेळणाऱ्यांसाठी घडवलेल्या कार्डाचं. दुसरं त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या टेस्ला पी४ चं, सर्व्हरसाठी घडवलेल्या कार्डाचं. दोन्हींत एकच चिप, जीपी१०४. दोन्हींत २५६० कोअर. दोन्हींवर आठ जीबी मेमरी. फरक होते, खरे होते. पी४ बुटकं, बिनपंख्याचं, पंचाहत्तर वॉटमध्ये भागवणारं, मेमरीतली चूक स्वतः दुरुस्त करू शकणारं. १०८० ला मोठे पंखे, १८० वॉट, वेगवान घड्याळ. पण पंख्याचा आणि वाट्यांचा काय संबंध? पी४ चे वाटे पडतात आणि १०८० चे पडत नाहीत याचं कारण त्या फरकांत कुठेच नव्हतं.

२०२१ च्या वसंतात दोन गोष्टी घडल्या आणि यामागे काही तांत्रिक कारण असेल ही माझ्या मनात उरलेली शंकाही गेली.

पहिली मार्चच्या अखेरीस. तोवर एनव्हीडियाचं घरगुती कार्ड विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला दिलं की ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखायचा आणि 'कोड ४३' ही चूक दाखवून बसून राहायचा. लिनक्समध्ये २०१२ पासून पासथ्रूची चांगली सोय होती. तिच्यावर काम करणारे हौशी लोक सेटिंगमध्ये दोन ओळी घालून मशीनची खरी ओळख लपवत आणि मग तेच कार्ड तिथेच मुकाट्याने चालू लागे. ३० मार्च २०२१ ला कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये ही अडवणूक काढून टाकली आणि एका कार्डाला एक व्हर्च्युअल मशीन अशी अधिकृत मुभा दिली. वाटून द्यायची मुभा दिली नाही. त्यासाठी कंपन्यांसाठीचं कार्ड घ्या, असं स्पष्ट सांगितलं. पण लोकांच्या घरात वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी कार्डंही त्या दिवसापासून चालू लागली. कार्डाला कुणी हात लावला नव्हता, बदललं होतं फक्त सॉफ्टवेअर. मी मुलांना सांगत आलो होतो की यामागे तांत्रिक कारण आहे. ते कारण एका रात्रीत कुठे गेलं?

दुसरी गोष्ट एप्रिलमध्ये. बाहेरच्या एका प्रोग्रामरने एक छोटा प्रोग्राम मुक्त केला. कार्डाचा ओळख क्रमांक विचारला गेला की तो त्याच चिपच्या सर्व्हर-कार्डाचा क्रमांक सांगायचा. एवढ्यावर घरगुती कार्डाचे वाटे पडू लागले. इथे माझ्या बाजूचंही सांगायला हवं. हे त्या वेळच्या नव्या पिढीच्या कार्डांवर चाललं नाही. तिथे वाट्यांचं काम एसआर-आयओव्हीकडे गेलं होतं आणि हार्डवेअरमधला फरक खरा झाला होता. म्हणूनच माझं ते दुसरं वाक्य मी अर्धं खोटं म्हणतो, पूर्ण नाही. तो प्रोग्राम मी घरी वापरला नाही. लायसन्सच्या अटी मोडून काम कसं साधायचं हे मला मुलांना दाखवायचं नव्हतं. पण त्याचा कोड मात्र मी पूर्ण वाचला, दोन वेळा.

माझ्या जुन्या मताचा एक आधार अजून उरला होता आणि तो सगळ्यांत भक्कम होता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी तो छान मांडत. ते म्हणत, "महावितरणच्या बिलासारखं आहे हे. उद्योगाला युनिट महाग, म्हणून शेतीपंपाला स्वस्त. कंपन्या जादा मोजतात म्हणून पोरांना गेमचं कार्ड परवडतं. घरगुती कार्डात सगळं दिलंस तर उद्या डेटा सेंटरवाले तीच कार्डं उचलतील आणि पोरांच्या हाती काही राहणार नाही."

यात तथ्य आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एनव्हीडियाने घरगुती कार्डांच्या ड्रायव्हरच्या अटींत डेटा सेंटरमध्ये वापर नको असं कलम घातलं ते याच भीतीपोटी असावं. पण मी स्वतः खरेदीच्या बाजूला बसलेला माणूस आहे. आम्ही महाग कार्ड का घेतलं? गेमचं कार्ड आमच्या सर्व्हरमध्ये घालण्याचा विचार आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. त्याची जाडी बसत नाही, त्याचा पंखा गरम हवा भलत्या बाजूला फेकतो, वीज घेण्याची जोडणी झाकणाला अडते, सर्व्हर बनवणारा त्यावर हमी देत नाही, डिझाइनचं सॉफ्टवेअर विकणारा ते मान्य यादीत धरत नाही. आम्ही पैसे मोजले ते हमीसाठी, मान्यतेसाठी आणि रात्री दोनला उचलल्या जाणाऱ्या फोनसाठी. घरगुती कार्डाला कुलूप नसतं तरी आमची ऑर्डर एका रुपयाने कमी झाली नसती. काही छोट्या होस्टिंगवाल्यांची झाली असती, हे मी मान्य करतो. पण त्या कुलपाने ज्यांना खरोखर बाहेर ठेवलं ते कधीच ते महाग कार्ड घेणार नव्हते. तंत्रनिकेतनातला तो मुलगा घेणार नव्हता. मीही घरासाठी घेणार नव्हतो.

आणि विजेचंच बोलायचं तर घरगुती दराच्या विजेवर पिठाची गिरणी चालवू नका, हे म्हणणं मला पटतं. एका खोलीतला दिवा लागला की दुसऱ्या खोलीतला लागणार नाही, असं कुणी म्हटलं तर ते मला पटणार नाही.

मधला मार्ग नाही असंही नाही. व्हिडिओ एन्कोड करण्याच्या बाबतीत एनव्हीडियाने तो स्वतः चालून दाखवला आहे. घरगुती कार्डावर एका वेळी किती व्हिडिओ प्रवाह एन्कोड करता येतील यावर मर्यादा आहे. आधी ती दोन होती, मग तीन झाली, २०२३ मध्ये पाच, पुढच्या वर्षी आठ. मर्यादा वाढली म्हणून सर्व्हर-कार्डांचा धंदा बुडाला नाही. वाट्यांचंही असंच करता येईल. घरगुती कार्डाला दोन वाटे द्या, फार तर तीन. हमी नको, फोन नको, मान्यता नको. दोन वाट्यांवर कुणी डेटा सेंटर उभारणार नाही आणि दोन भावंडांचं भागेल.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मी सगळ्यांत जास्त अडून होतो. तिथे मला एका साध्या वाक्याने वाट दाखवली. विंडोजमध्ये २०१९ पासून सँडबॉक्स नावाची सोय आहे, संशयास्पद फाइल उघडून बघायला एक तात्पुरतं, वेगळं विंडोज. त्याला तुमच्या साध्या घरगुती कार्डाचा वाटा देता येतो. मुख्य यंत्र आणि आतलं यंत्र, दोघंही तेच कार्ड वापरतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या सूचनांत लिहिलेलं आहे की हा वाटा चालू केला तर हल्ल्याला थोडी जास्त जागा मिळू शकते. धोका सांगितला आणि निवड वापरणाऱ्यावर सोडली. माझ्या घरात माझा मुलगा आणि माझी मुलगी एकमेकांच्या मेमरीत डोकावतील ही जोखीम मी आनंदाने घेतली असती. ती घ्यायची की नाही हे ठरवणारा मी असायला हवा होतो.

गरजेबद्दल एक जुनी आठवण या निमित्ताने परत वर आली. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीतल्या प्रोसेसरांत शेवटी 'के' अक्षर असलेले, जास्त पैशाचे, हौशी माणसासाठीचे प्रोसेसर मिळत. २६००के, ३७७०के, ४७७०के. त्यांचा वेग वाढवता येत असे. पण पासथ्रूला लागणारी व्हीटी-डी ही सोय या तिघांतून काढलेली होती, आणि 'के' नसलेल्या स्वस्त भावंडांत ती होती. त्याआधी तर व्हर्च्युअलायझेशनची मूळ सोयच काही घरगुती प्रोसेसरांत नसायची. तेव्हाही हेच म्हटलं जाई की घरगुती माणसाला ती कशाला हवी. आज ती जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे. विंडोज ११ आपल्या गाभ्याच्या रक्षणासाठी ती वापरतं. अँड्रॉइडचं ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलीचा एम्युलेटर ती वापरतो. विंडोजमध्ये लिनक्स उघडणारा विद्यार्थी ती वापरतो. यांतल्या एकानेही ती मागितली नव्हती. ती हाताशी आली आणि मग त्यांचे उपयोग सुचले. सोय हातात येण्याआधी 'तुला गरज काय' हा प्रश्न विचारणं म्हणजे विहीर खणण्याआधी पोहून दाखव म्हणण्यासारखं आहे.

ग्राफिक्सच्या बाबतीतही उलटं उदाहरण जवळच होतं आणि मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इंटेलने पाचव्या पिढीपासून दहाव्यापर्यंत आपल्या साध्या प्रोसेसरांच्या अंगच्या ग्राफिक्सचे वाटे पाडायची सोय जीव्हीटी-जी नावाने दिली होती. लायसन्स नाही, वेगळे पैसे नाहीत. ग्राफिक्स ताकदीने बेताचं, पण वाटे पडत होते आणि लोक ते घरी वापरत होते. पुढे ती सोय बंद झाली, याचं वाईट वाटतं. मग २०२५ मध्ये त्यांनीच आर्क प्रो बी५० हे सोळा जीबीचं कार्ड ३४९ डॉलरला आणलं आणि त्यात लायसन्सशिवाय एसआर-आयओव्ही देऊ केलं. त्याच वर्षी एएमडीने सर्व्हर-कार्डांच्या वाट्यांसाठीच्या आपल्या ड्रायव्हरचा कोड सर्वांसाठी खुला केला. आर्क प्रो हे कामाचं कार्ड आहे, गेमचं नाही, आणि ३४९ डॉलर आपल्याकडच्या विद्यार्थ्याला थोडे नाहीत. तरी तो आकडा आमच्या कंपनीच्या खरेदीच्या कागदावरच्या आकड्यांशेजारी मी मनात ठेवून बघितला आणि बराच वेळ बघत राहिलो.

ऑफिसात मी आजही लायसन्सचं नूतनीकरण करतो आणि त्या कागदावर सही करताना माझा हात अडत नाही. तिथे मी जे विकत घेतो ते मला हवं आहे. माझं मत बदललं ते घराच्या बाबतीत. मी ज्या चिपचे पैसे दिले तिची अंगची शक्ती माझ्या घरात कशी वाटायची हे मला ठरवता यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हे म्हणणं मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होतो, तेव्हा मी कुलूप घालणाऱ्याच्या बाजूने बोलत होतो, बिनपगारी, स्वतःला तज्ज्ञ समजून. मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे. कंपनीने आपला नफा बघावा, तो तिचा धर्म. मला त्यात काही मिळत नव्हतं. मी फक्त माझ्याकडे असलेली सोय दुसऱ्याकडे नसणं हे स्वाभाविक मानून बसलो होतो.

या वर्षी जानेवारीत मी पुन्हा त्याच तंत्रनिकेतनात गेलो. तो मुलगा केव्हाच शिकून बाहेर पडला होता. नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं, त्यामुळे शोधायलाही काही नव्हतं. भाषणाच्या सुरुवातीलाच मी सांगितलं की सात-आठ वर्षांपूर्वी याच खोलीत मी एका विद्यार्थ्याला चुकीचं उत्तर दिलं होतं. मग फळ्यावर दोन रकाने आखले आणि १०८० आणि पी४ यांची माहिती एकेक ओळ करून लिहिली. चिप, कोअर, मेमरी, वॉट, पंखा. शेवटच्या ओळीत वाटे, एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही'. मुलांना म्हटलं, वरच्या कुठल्या ओळीमुळे ही शेवटची ओळ अशी झाली ते सांगा.

ती बराच वेळ बघत राहिली. एकाने पंखा म्हटलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या लॅबमध्ये एकच कार्ड आहे. आम्ही चौघी आहोत प्रोजेक्टला. त्याचं होईल का?"

मी कार्डाचं मॉडेल विचारलं. तिला आठवत नव्हतं. मग आम्ही सगळेच उठून लॅबमध्ये गेलो आणि मशीनचं झाकण उघडलं.